घरचा प्रिंटर दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर अडून बसला आहे. दुरुस्त करावा की बदलावा?

कातळसडा (धागाकर्ता) | १२ जून

नमस्कार. रत्नागिरीत आमच्या घरी शाईच्या टाक्यांचा, म्हणजे इंक टँक प्रकारचा, रंगीत प्रिंटर गेली सहा वर्षे आहे. पत्नी आठवी ते दहावीच्या मुलांच्या मराठी आणि संस्कृतच्या शिकवण्या घेते. तिच्या प्रश्नपत्रिका, व्याकरणाचे तक्ते आणि सरावाची पाने धरून महिन्याला दीडशेच्या आसपास पाने छापली जातात. त्यातली बहुतेक काळी असतात. रंगीत छपाई मुलीच्या शाळेच्या प्रकल्पापुरती, तीही तिला आदल्या रात्री दहा वाजता आठवली तर.

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्ही गावी होतो. परत आल्यावर पहिले पान काढले, तर काळी अक्षरे जवळजवळ उमटलीच नाहीत; जी उमटली त्यांच्यातून पांढऱ्या आडव्या रेघा गेलेल्या होत्या. संगणकावरून हेड क्लीनिंगचा, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग साफ करण्याचा, पर्याय दिला, फरक पडला नाही म्हणून पुन्हा दिला, आणि असे दोन दिवसांत अकरा वेळा केले. काळ्या टाकीतली शाई बोटभर खाली गेली, पण कागदावर मात्र ती आलेली नाही. कालपासून दोन दिवे आळीपाळीने लुकलुकत आहेत आणि वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडचे आयुष्य संपत आल्याचा संदेश पडद्यावर येतो आहे.

सेवा केंद्रात फोन केला तेव्हा हेड आणि पॅड दोन्ही बदलण्याचा अंदाजे खर्च ६८०० रुपये सांगितला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चर्चा त्या नावाभोवतीच फिरत राहते आणि माझा प्रश्न बाजूला पडतो. घरच्या घरी काही करता येण्यासारखे आहे का, आणि नसल्यास आमच्यासारख्या घराने आता कोणत्या प्रकारचा प्रिंटर घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाना पक्कड | १२ जून

पुण्यात टापकीर गल्लीजवळ बसून बरीच वर्षे हेच काम करतो आहे. पहिली विनंती अशी, की हेड क्लीनिंग आता थांबवा. बऱ्याच जणांना वाटते की या क्रियेत एखादा ब्रश फिरतो आणि हेड पुसले जाते. प्रत्यक्षात हेडखाली एक छोटा पंप असतो. तो छिद्रांतून शाई खेचतो आणि ओढलेली ती सगळी शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजासारख्या पॅडमध्ये जाऊन बसते. तुमची बोटभर शाई तिथेच आहे. पॅडचा जो संदेश आला, तो या अकरा वेळांनीच ओढवून आणलेला असावा. एपसनच्या टाकीवाल्या प्रिंटरांच्या माहितीपुस्तिकेत तीन वेळा तपासणी आणि सफाई करूनही छपाई सुधारली नाही, तर किमान १२ तास प्रिंटर न वापरता ठेवावा असे सांगितलेले असते. तीनच्या पुढे जायचे नाही, हा नियम कुठल्याही कंपनीच्या यंत्राला लावायला हरकत नाही.

आता मला काही गोष्टी कळवा. प्रिंटर बंद करताना त्याच्या स्वतःच्या बटणाने करता की भिंतीवरच्या बोर्डाच्या? नोझल चेकचे, म्हणजे हेडच्या छिद्रांच्या तपासणीचे, पान काढल्यावर कोणत्या रंगाच्या किती पायऱ्या तुटलेल्या दिसतात? संगणकाची वायर काढून स्कॅनरवर एखादे पान ठेवून नुसती कॉपी काढली, तर तीही अशीच येते का? शेवटचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण दुरुस्तीला आलेल्या प्रिंटरांपैकी कित्येकांचा दोष संगणकातच सापडतो. कॉपी स्वच्छ निघाली तर यंत्र निर्दोष आहे असे समजून वायर, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे संगणकातले सॉफ्टवेअर) आणि सेटिंग यांच्याकडे वळायचे असते.

कातळसडा (धागाकर्ता) | १२ जून

आपण पहिल्याच प्रश्नात नेमके वर्मावर बोट ठेवले. आमच्याकडे वळवाच्या पावसात विजा फार होतात. त्यामुळे वापर झाला की बोर्डाचे बटण बंद करायची घरात शिस्त आहे आणि ती मीच लावलेली आहे. प्रिंटरचे स्वतःचे बटण आम्ही बहुधा घेतला त्या दिवशीच दाबले असेल.

नोझल चेकमध्ये काळ्याच्या निम्म्याहून अधिक पायऱ्या गायब आहेत, निळ्याच्या दोन तुटलेल्या आहेत, पिवळा आणि गुलाबी पूर्ण आहेत. कॉपीही तशीच खराब येते.

पाना पक्कड | १३ जून

म्हणजे दोष यंत्रातच आहे, आणि त्याचे मूळही सापडले. प्रिंटरचे बटण दाबले की लगेच वीज तुटत नाही. आधी हेड उजव्या कडेला जाते, खालून एक रबरी टोपी वर येऊन छिद्रांवर घट्ट बसते, आणि मगच दिवा विझतो. बोर्डाचे बटण दाबले तर हेड ज्या अवस्थेत असेल तसेच उघडे राहण्याचा धोका असतो. छपाई संपून बराच वेळ गेला असेल तर ते बहुतेक वेळा टोपीत गेलेले असते, म्हणून सहा वर्षे तुमचे निभावले. या एप्रिलमध्ये निघण्याच्या गडबडीत शेवटचे पान काढल्याबरोबर बोर्ड बंद झाला असणार, आणि उन्हाळ्याचे दोन महिने हेड उघड्यावर राहिले.

विजांची भीती रास्त आहे. आधी प्रिंटरचे बटण दाबून दिवा विझू द्यावा, मग बोर्डाचे बटण बंद करून प्लगही काढावा. क्रम एवढाच पाळायचा आहे.

अर्धविराम | १३ जून

मी अक्षरजुळणीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे खराब छपाई पाहण्याचा योग रोज येतो. नोझल चेकचे पान काढण्याआधीही देवनागरी मजकुरावरून दोष ओळखता येतो, हे इथे नोंदवावेसे वाटते. हेड कागदावर आडवे धावते, त्यामुळे एखादे छिद्र बंद असले की पांढरी रेघही आडवी पडते. अशी रेघ नेमकी शिरोरेखेवर आली तर ओळीच्या ओळी बोडक्या दिसतात, आणि दोन ओळी सोडून पुढची ओळ मात्र ठीक असते. याउलट शिरोरेखा शाबूत आहे, पण काना आणि दंड मधेच तुटून पायरीसारखे सरकलेले दिसतात, तेव्हा छिद्रे स्वच्छ असून हेडची जुळणी बिघडलेली असते. हेड जाताना आणि येताना, दोन्ही वेळा छापते. त्या दोन फेऱ्यांचा मेळ बसला नाही की उभ्या रेघा फाटतात. यावर उपाय हेड अलाइनमेंटचा आहे, आणि त्यात हेड क्लीनिंगसारखी शाई वाया जात नाही.

तिसरा प्रकार म्हणजे पडद्यावर मजकूर नीट दिसतो, कागदावर मात्र चौकोन किंवा भलतीच चिन्हे उमटतात. त्यात प्रिंटरचा काडीचाही दोष नसतो; पीडीएफ फाईलमधील फॉन्टचा घोळ असतो. ॲडोबी रीडरमध्ये छपाईच्या प्रगत पर्यायांत पान चित्र म्हणून छापण्याची सोय आहे. ती निवडली की बहुतेक वेळा काम होते. मराठी प्रश्नपत्रिका छापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण केवळ या कारणासाठी नवा प्रिंटर घेतलेले एक गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत.

घाईगर्दी | १३ जून

एवढे कशाला? हेड काढावे, उकळत्या पाण्यात बुडवावे आणि काच पुसायचे निळे द्रावण सिरिंजने दाबून मारावे. माझ्या चुलतभावाचा प्रिंटर अर्ध्या तासात चालू झाला होता.

रसायनवही | १४ जून

वरील प्रतिसादाशी मी असहमत आहे, आणि कारण सांगणे आवश्यक आहे, कारण हा उपाय फार पसरलेला आहे.

शाईच्या प्रिंटरांत हेडच्या दोन जाती आहेत. एचपी आणि कॅनन यांच्या घरगुती यंत्रांत प्रत्येक छिद्रामागे एक अतिसूक्ष्म तापक असतो. तो क्षणार्धात तापून शाईचा बुडबुडा तयार करतो आणि बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननच्या एका संशोधकाकडून १९७७ साली तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून स्पर्श झाला आणि शाई उडाली, यातून ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. एपसन आणि ब्रदर यांची रीत वेगळी आहे. त्यांच्या हेडमधल्या स्फटिकासारख्या घटकाला विजेचा दाब दिला की तो किंचित वाकतो आणि थेंब बाहेर पडतो. या दुसऱ्या जातीला दाबविद्युत, म्हणजे पिझो, हेड म्हणतात. ते वर्षानुवर्षे टिकते. मात्र ते यंत्रातच पक्के बसवलेले असते आणि बदलायला महाग पडते. सिरिंजचा जोर दिला तर त्याच्या आतील पातळ पडदे आणि चिकटवलेले सांधे सुटू शकतात. उकळत्या पाण्यानेही तेच होते. काच पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो आणि प्रत्येक शाईला व हेडच्या लेपाला तो मानवेलच असे नाही. चुलतभावाचा प्रिंटर चालला याचा आनंद आहे, पण ज्यांचे बिघडले ते सहसा प्रतिसाद लिहायला येत नाहीत.

छिद्रात नेमके काय झालेले असते, तेही पाहू. रंगीत शाई बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. पाणी उडून गेले की मागे काकवीसारखा चिकट गर उरतो, पण पाणी मिळाले की तो पुन्हा सुटतो. काही कंपन्यांची काळी शाई मात्र पिगमेंटची असते, म्हणजे तिच्यात रंगाचे बारीक कण तरंगत असतात. ती वाळली की सुटायला वेळ लागतो. म्हणून जोर न लावता भिजत ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर औषधाच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर मिळते, ते घ्यावे. नळाचे पाणी नको, त्यातील क्षार छिद्रांत बसतात.

पाना पक्कड | १४ जून

रसायनवही यांनी माझे निम्मे काम केले. आता कृती सांगतो. प्रिंटर सुरू केल्यावर हेड स्वतःहून कडेपासून मध्याकडे सरकू लागले की प्लग काढावा. मग ते हाताने अलगद हलवता येते. लिंट न सुटणाऱ्या कापडाची किंवा जाड टिश्यूची चार पदरी पट्टी करून ती कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओली करावी, पण त्यातून पाणी टपकता कामा नये. ती हेडच्या मार्गात ठेवून हेड तिच्यावर आणून सोडावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. तीच ओली पट्टी आधी रबरी टोपीच्या कडेवरूनही फिरवावी, कारण टोपीवर वाळलेल्या शाईचा थर असेल तर ती नीट बसत नाही आणि पंपाला ओढ मिळत नाही. पुष्कळदा हेड चांगले असते आणि दोष टोपीत असतो. सकाळी पट्टी काढून प्लग लावावा, एकदाच हेड क्लीनिंग द्यावे आणि नोझल चेक काढावे. सुधारणा अर्धवट असेल तर पुन्हा एक रात्र.

हेड ज्या पट्ट्यावर धावते त्याच्या मागे एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ताणून बसवलेली दिसेल. तिच्यावर बारीक रेघा असतात आणि हेड आपण कुठे आहोत हे तिच्यावरूनच ओळखते. तिला हात लावू नये. तिच्यावर तेलाचा किंवा शाईचा एक डाग पडला तरी हेड कडेला जाऊन आपटू लागते.

पॅडबद्दल सांगायचे तर तो भरला की नाही हे प्रिंटर पाहत नाही. तो फक्त किती वेळा सफाई झाली, किती शाई ओढली, याचा आकडा ठेवतो आणि ठरावीक आकड्यावर काम थांबवतो. इंटरनेटवर हा आकडा शून्य करणारी छोटी सॉफ्टवेअर फिरत असतात. कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून ती उतरवली तर प्रिंटर सुरू होईल, पण संगणकात काय शिरेल याची हमी कोणी देत नाही. शिवाय आकडा शून्य केल्याने पॅड कोरडा होत नाही. एक दिवस शाई टेबलावर येते आणि तिथून खालच्या फरशीवर. पॅड बदलून घेऊन मगच आकडा शून्य करून घ्यावा. स्थानिक कारागीर हे काम हेडच्या मानाने फारच थोड्या पैशांत करतो. नवीन काही यंत्रांत कंपन्यांना शहाणपण सुचलेले आहे. कॅननच्या जी २०२० आणि जी ३०२० यांत हा भाग मेंटेनन्स कार्ट्रिज म्हणून सुटा मिळतो आणि ग्राहकाला स्वतःच बदलता येतो. तुम्ही नवा घेतलात तर ही सोय आहे का, ते आधी विचारा.

कातळसडा (धागाकर्ता) | २० जून

सर्वांचे आभार. दोन रात्री पट्टी ठेवली. पहिल्या सकाळी पट्टीवर काळ्या शाईचा एवढा मोठा ठसा होता की तीच छपाई म्हणून जपून ठेवावी असे वाटले. दुसऱ्या दिवसानंतर काळ्यातील फक्त दोन पायऱ्या तुटलेल्या राहिल्या आणि निळा पूर्ण आला. इथल्याच एका कारागिराने पॅड बदलून आकडा शून्य करून दिला. हेड बदलण्याची गरज नाही, असे त्याचेही मत पडले.

मात्र आता वेगळेच दुखणे उभे राहिले आहे. कागद आत ओढला जात नाही. रोलर फिरल्याचा आवाज येतो, कागद जागचा हलत नाही, आणि कधी एकदम तीन पाने जाऊन अडकतात.

अर्धविराम | २० जून

कागद कोणता आहे आणि कुठे ठेवला आहे? कोकणात जून लागला की उघड्या गठ्ठ्यातला कागद दोन दिवसांत मऊ पडतो. त्याच्या कडा लाटेसारख्या होतात आणि पाने एकमेकांना चिकटतात. मागच्या ट्रेमध्ये गठ्ठा ठेवून देण्याची सवय असेल तर ती सोडावी. लागतील तेवढीच पाने ठेवावीत आणि बाकीचा गठ्ठा मूळ वेष्टनात, झाकणाच्या डब्यात ठेवावा. पाने ट्रेमध्ये घालण्यापूर्वी पत्ते पिसल्यासारखी फुलवून घ्यावीत. कागद ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम) असेल तर पावसाळ्यापुरता ७५ किंवा ८० चा वापरून पाहा.

पाना पक्कड | २१ जून

शिवाय रोलर. त्याचे रबर कागदाच्या भुकटीने गुळगुळीत होते. किंचित ओल्या कापडाने रोलर हाताने फिरवत पुसावा आणि कोरडा होऊ द्यावा. स्पिरिट किंवा थिनर वारंवार लावल्यास रबर कडक होते, म्हणून पाणीच बरे. मागच्या ट्रेमधून पेन्सिलचे टोक, टाचणी, मुलांचा खोडरबर असे काही आत पडले आहे का, तेही टॉर्च लावून बघा. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांतून झुरळे आणि पाली नियमित निघतात. त्यांना ऊब आवडते.

नवशिकी | २१ जून

धाग्याच्या विषयाला धरूनच एक शंका आहे. आमचा वायफायचा प्रिंटर चालू असतो, पण लॅपटॉप त्याला ऑफलाइन म्हणतो. यंत्र बदलायची वेळ आली आहे का?

हिशेबनीस | २१ जून

मुळीच नाही. राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की तो प्रिंटरला नवा पत्ता देतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा आणि लॅपटॉपवरील जुनी नोंद काढून प्रिंटर नव्याने जोडावा. घरगुती प्रिंटरांपैकी पुष्कळ केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात. त्यामुळे नवा राउटर आल्यापासून हा त्रास सुरू झाला असेल तर त्याचा तो पट्टा चालू आहे का, ते पाहा. विंडोजमध्ये एखादे पान रांगेत अडकून बसले असेल तर प्रिंट स्पूलर ही छपाईची रांग सांभाळणारी सेवा थांबवून, रांग रिकामी करून, पुन्हा सुरू करावी लागते.

कातळसडा (धागाकर्ता) | २६ जून

रोलर पुसला, कागद डब्यात गेला आणि छपाई सुरू झाली. मुलांची घटक चाचणी पार पडली. परंतु त्या दोन पायऱ्या अजून तुटलेल्याच आहेत आणि चार दिवस छपाई केली नाही की त्यांची संख्या पाच होते. चाचणीच्या आदल्या रात्री पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर हेच यंत्र एकमेव आधार म्हणून ठेवणे मला धोक्याचे वाटते. म्हणून आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या. अंदाजपत्रक पंधरा ते अठरा हजारांचे आहे.

हिशेबनीस | २७ जून

पानामागचा खर्च सगळेच सांगतात, पण तो तुमच्या वापराशी ताडून पाहिला पाहिजे. महिन्याला दीडशे पाने आणि वर्षातले दहा महिने म्हणजे वर्षाला १५०० पाने. एपसनच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या शाईच्या बाटलीवर ४५०० पानांचा अंदाज दिलेला असतो, म्हणजे ती तुम्हाला तीन वर्षे पुरेल. एचपीच्या ६८० सारख्या काळ्या कार्ट्रिजवर ४८० पाने दिलेली असतात, म्हणजे वर्षाला तीनहून अधिक कार्ट्रिज लागतील, म्हणून तो प्रकार आधीच बाद करावा. ब्रदरच्या लेझर प्रिंटरच्या टीएन २३६५ या टोनरवर, म्हणजे कोरड्या पुडीच्या डब्यावर, २६०० पाने दिलेली आहेत, ती तुम्हाला पावणेदोन वर्षांच्या आसपास जातील.

हे आकडे प्रमाणित चाचणी-पानांवरून काढलेले असतात. काळ्या टोनरसाठी सर्वसाधारणपणे पानाचा पाच टक्के भाग काळा धरला जातो. शिरोरेखेसह दाट जुळवलेली प्रश्नपत्रिका त्याहून जास्त शाई खाते, तेव्हा प्रत्येक आकड्यातून तिसरा हिस्सा मनातल्या मनात कमी करावा. तरीही मुद्दा बदलत नाही. तुमच्या वापराला टाकीच्या शाईतून होणारी बचत वर्षाकाठी काही शे रुपयांची आहे. सेवा केंद्राने सांगितलेले ६८०० रुपये वर्षाच्या १५०० पानांवर पसरले, तर प्रत्येक पान साडेचार रुपयांनी महाग पडले असते. एकदा हेड गेले की अशी कित्येक वर्षांची बचत एका दिवसात जाते. टाकीचा प्रिंटर रोज छापणाऱ्याला स्वस्त पडतो. वर्षातून दोन महिने घराला कुलूप लावणाऱ्याने तो घेताना दहादा विचार करावा.

साळ नदी | २७ जून

मडगावहून लिहीत आहे. आमच्याकडे छायाचित्रे आणि लग्नाची निमंत्रणे छापायची असतात, म्हणून मी टाकीचाच घेतला आणि त्यात समाधानी आहे. रंग हवेत तर घरगुती पैशांत लेझर परवडत नाही, हे मान्य करावे लागेल. फक्त शाईची जात बघून घ्यावी. एपसनच्या ००३ मधले चारही रंग विरघळणाऱ्या जातीचे आहेत, त्यामुळे चकचकीत कागदावर चित्र छान येते. पण साध्या कागदावरच्या पत्त्यावर पावसाचा थेंब पडला की अक्षर पसरते. कॅननच्या जीआय ७१ आणि एचपीच्या जीटी ५३ या काळ्या शाया पिगमेंटच्या आहेत. साध्या कागदावर त्यांचा मजकूर ठाशीव येतो आणि ओल सहन करतो. कॅनन आणि एचपीच्या टाकीवाल्या घरगुती प्रिंटरांत हेडही बहुधा सुटे बदलता येते, ही जमेची बाजू आहे.

पाना पक्कड | २८ जून

धागाकर्त्यांची गरज काळ्या छपाईची, वापर खंडित, हवा दमट, म्हणजे माझे मत काळ्या लेझर प्रिंटरकडे जाते. त्यात टोनरची कोरडी पूड असते. ती ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावर विद्युतभाराने चिकटते, कागदावर उतरते आणि पुढे दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या फ्यूझरमधून जाताना वितळून बसते. सुकायला काही नाहीच, त्यामुळे दोन महिन्यांनी बटण दाबले तरी पहिले पान पहिल्यासारखे येते. जुन्या एचपी १०२० आणि कॅनन २९०० या यंत्रांनी महाराष्ट्रातली किती सायबर कॅफे आणि वकिलांची कार्यालये चालवली, याची गणती नाही. त्यांचे १२ए आणि ३०३ हे कार्ट्रिज गल्लीबोळात भरून मिळते. फक्त त्यात ड्रम आणि टोनर एकाच डब्यात असतात, त्यामुळे पूड तीन-चारदा भरली की ड्रमवर ओरखडे येतात. पानावर दर साडेसात सेंटिमीटरवर तोच डाग पुन्हा दिसला, तर ड्रम संपला असे समजावे, कारण त्याचा घेर तेवढा असतो. ब्रदरने ड्रम वेगळा ठेवला आहे. त्याचे टोनर संपले तरी ड्रम सुमारे १२,००० पाने चालतो.

दोन इशारे देतो. लेझर प्रिंटर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नये. शाईच्या प्रिंटरला छापताना १५ वॉटच्या आसपास पुरतात, पण लेझरचा फ्यूझर तापताना काही क्षण हजार वॉटच्या जवळ ओढ घेतो आणि इन्व्हर्टर किंचाळू लागतो. वीज नसेल तेव्हा छपाई नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. दुसरे म्हणजे, दोन्ही बाजूंनी आपोआप छापण्याची सोय, म्हणजे डुप्लेक्स, असलेलाच घ्या. वर्षाला १५०० पाने छापणाऱ्याच्या कागदाचा खर्च त्याने निम्म्यावर येतो.

घाईगर्दी | २८ जून

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन रुपयांत पान मिळते. प्रिंटर घ्यायचाच कशाला?

कातळसडा (धागाकर्ता) | २८ जून

प्रश्न योग्य आहे आणि आम्ही तो मांडून पाहिला. १५०० पानांचे तीन हजार रुपये होतात, म्हणजे प्रिंटरची किंमत पाच-सहा वर्षे वसूल होणार नाही. परंतु पत्नी प्रश्नपत्रिका रात्री साडेदहाला पूर्ण करते, शिकवणी सकाळी साडेसहाला असते आणि झेरॉक्सचे दुकान दहाला उघडते. शिवाय परीक्षेची प्रश्नपत्रिका गावातल्या दुकानातल्या संगणकावर ठेवून येणे तिला पटत नाही, आणि यात तिचे चूक आहे असे मला वाटत नाही.

कातळसडा (धागाकर्ता) | २ ऑगस्ट

महिन्यापूर्वी काळा लेझर प्रिंटर घेतला. डुप्लेक्स आहे आणि ड्रम वेगळा आहे. स्कॅनर घेतला नाही, कारण जुन्याचा स्कॅनर उत्तम चालतो. महिन्याभरात २१० पाने झाली आणि कागद दोनदा अडकला. दोन्ही वेळा गठ्ठा डब्याबाहेर राहिला होता. भर पावसात छापलेली पाने बाहेर येताना किंचित वळतात, पण वहीखाली दाबून ठेवली की सरळ होतात. वीज गेली म्हणून एकदा छपाई पहाटे पाचला उठून करावी लागली.

जुना प्रिंटर टाकून दिला नाही. दर रविवारी मुलगी त्यावर चारही रंग असलेले एक पान छापते आणि मग त्याच्या स्वतःच्या बटणाने तो बंद करते. बोर्डाच्या बटणावर तिने कागद चिकटवला आहे. तुटलेल्या पायऱ्या आता दोनावरून एकीवर आल्या आहेत. शेवटची शंका एवढीच, की हा प्रिंटर खरोखरच संपेल तेव्हा त्याचे काय करावे? भंगारवाला तीस रुपये म्हणतो.

पाना पक्कड | ३ ऑगस्ट

भंगारवाल्याला देऊ नका. तो तांबे आणि लोखंड काढून घेतो आणि शाईने भरलेला पॅड नाल्यात फेकतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर, कार्ट्रिजसह, समाविष्ट आहेत आणि ते गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर संकलनाचा पर्याय मिळेल. देण्यापूर्वी टाक्यांतील उरलेली शाई बाटलीत काढून घ्या आणि यंत्र आडवे करू नका, नाहीतर बैठकीतली सतरंजी निळी होईल. काचेवर विसरलेला कागद आहे का, तेही बघा. माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत कुणाचे ना कुणाचे आधार कार्ड हमखास सापडते.